शिपाईमामांचा पगार

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावात सलाम.

काल तुझा फोन झाल्यापासून मन थाऱ्यावर नाही. चर्चच्या कमिटीत तू दोन्ही बाबतींत माघार घेतलीस. उपासनेत रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनांच्या जागी कीबोर्डवरची नवी गाणी आली, आणि नाताळच्या खर्चासाठी शिपाईमामांचा दोन महिन्यांचा थकलेला पगार आणखी पुढे ढकलला गेला. "शांतीसाठी मन मारलं, मम्मी," म्हणालास. गाण्यांचं ऐकून मला तुझा अभिमान वाटला. पगाराचं ऐकल्यावर रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

मन मारणं मला ठाऊक आहे. १४ वर्षं मी चर्चमध्ये पेटी वाजवली. कीबोर्ड आला त्या रविवारी पेटीला खोळ घातली आणि तिसऱ्या बाकावर येऊन बसले. गीत सुरू झालं की बोटं गीतांच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर आपोआप चालायची. पण चार-पाच महिने ओठ उघडले नाहीत. लोक म्हणायचे, बाई किती समजूतदार. खरं तर तो रुसवा होता. मग एका प्रभुभोजनाच्या रविवारी बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा ५ वा अध्याय वाचला गेला. दान वेदीपुढे ठेव, आधी भावाशी समेट कर. मला जागचं उठवेना. त्याच संध्याकाळी कीबोर्ड वाजवणाऱ्या पोरीच्या घरी गेले आणि तिला जुन्या भजनांच्या चाली दाखवल्या.

एकीसाठी मन मारणं आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांना नवं नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा पंथ एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा नगरकडच्या आपल्या लोकांनी बिशप स्वीकारला. आपल्या त्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत बिशप कधी नव्हताच. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा न मानणारेही त्यात आले, आणि दोन्ही रीती राहिल्या.

पण प्रेषित पौलाकडे बघ. माझ्या मांस खाण्यानं भाऊ अडखळत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही, असं तो करिंथकरांना लिहितो. तोच पौल अंत्युखियात पेत्राला सगळ्यांदेखत सुनावतो, कारण याकोबाकडची माणसं आल्यावर पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या भावांच्या, पंगतीतून उठायला लागला होता. स्वतःच्या ताटातलं पौलानं सोडलं. दुसऱ्यांना पंगतीतून उठवलं जात होतं, तिथं तो गप्प बसला नाही.

मामांचा पगार तुझ्या ताटातला नव्हता रे. पहाटे घंटा तेच वाजवतात, बाकं तेच पुसतात, आणि कमिटीसमोर येऊन ते कधी बोलणार नाहीत. अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असं याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायात आहे. तू हे संडे स्कूलमध्ये पाठ केलं होतंस.

येत्या बैठकीत विषय पुन्हा काढ. आधी खजिनदारांना एकट्यानं भेट, चारचौघांत नको. रोषणाई कमी करा, मांडव लहान घाला म्हणावं. आणि कमिटीचा राजीनामा द्यायचं मनात असेल तर ते डोक्यातून काढून टाक.

मामांच्या हातात पैसे पडले की फोन कर, कितीही रात्र झाली तरी.

तुझी,
मम्मी