पडलेली बाईक सरळ आहे की नाही, हे बघणार कोण? वाहतूकमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वाहतूकमंत्री,
गोवा सरकार, पर्वरी

महोदय, सप्रेम नमस्कार.

हेल्मेट नाही म्हणून चलन, नंबरप्लेट धड नाही म्हणून चलन, सायलेन्सर बदलला म्हणून चलन. आमच्या डिचोली-साखळी पट्ट्यात हे सगळं होतं आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. रात्री अकराला देवळासमोरून बार काढत जाणाऱ्यांची बाजू मी तर मुळीच घेणार नाही. पण नाक्यावर उभ्या असलेल्या एकाही शिपायाला खाली वाकून गाडीचा टायर बघताना मी आजवर पाहिलेलं नाही. त्यासाठीच हे पत्र लिहितोय.

मी दुचाकींचं गॅरेज चालवतो. गिऱ्हाइकांत कॉलेजची आणि नुकती नोकरीला लागलेली पोरं जास्त. गाड्या म्हणजे यामाहाची आर15, केटीएमची आरसी 200, सुझुकीची जिक्सर एसएफ, एखादी टीव्हीएसची आरआर 310. दिसायला रेसच्या गाड्या, इंजिन दीडशे ते तीनशे सीसीचं. हँडल खाली, अंगावर सगळं प्लास्टिकचं फेअरिंग. माझ्याकडे ज्या आपटून येतात, त्यांतल्या बहुतेक कुणाला धडकलेल्या नसतात, घसरलेल्या असतात. वळणावर पुढचं चाक सुटतं, गाडी एका कुशीवर पडते आणि फरपटत जाते. पोरगा उठतो, कोपर धुतो, वाकलेली लिव्हर हाताने ओढून सरळ करतो आणि घरी जातो. पोलीस नाहीत, पंचनामा नाही, त्यामुळे तुमच्या खात्याचा निरीक्षकही नाही. कागदोपत्री त्या दिवशी काहीच घडलेलं नसतं.

आता गाडी दुरुस्त कशी होते ते सांगतो, कारण खरी गोम तिथे आहे. बापाला जे दिसेल ते आधी दुरुस्त होतं. फेअरिंगचे कान तुटलेले असतात, ते फेव्हिक्विक आणि खायचा सोडा घालून चिकटवतात. भेग मोठी असेल तर आतून जाळी ठेवून सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने प्लास्टिक वितळवून सांधतात. वर स्टिकर. गाडी नवी दिसायला लागते. पैसे तिथेच संपतात.

आत काय झालंय? पुढचे शॉकअप सोडवून पाइप बाहेर काढला, स्वच्छ पुसला आणि सपाट काचेवर ठेवून बोटाने हळू फिरवला की कळतं. सरळ पाइप काचेला चिकटून फिरतो. वाकलेला पाइप एका जागी उचलला जातो आणि खालून उजेडाची फट दिसते. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये चालणारा वाक असतो साधारण 0.2 मिलिमीटर. डोळ्यांनी गाडीकडे बघून हा वाक कुणाला दिसणार? चालवणारा फक्त एवढंच सांगतो, ‘गाडी जरा डावीकडे ओढते.’ मग तो अंगाने उजवीकडे झुकून चालवायला शिकतो. महिन्याभरात त्याला ते जाणवेनासं होतं.

यामाहाच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट इशारा आहे: वाकलेला पाइप सरळ करायच्या भानगडीत पडू नका, त्याने तो धोकादायकरीत्या कमकुवत होतो. आपल्याकडे तो प्रेसवर दाबून सरळ करून मिळतो, अगदी थोडक्या पैशात. दोन्ही शॉकअप हँडलपाशी धरून ठेवणारा टी-स्टेम वाकला असेल तर तोही तसाच. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, सेन्सरला मार लागून मीटरवर पिवळा दिवा पेटून राहिला, तर त्याची तर गिनतीच नाही. एप्रिल 2018 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या मॉडेल्सना एबीएस सक्तीचं आहे. कारखान्यातून बाहेर पडताना सक्तीचं. पहिल्या आपटीनंतर ते चालतंय की नाही, हे विचारायला कुणी नाही.

पोरं असं का करतात? बेफिकिरी हे एक कारण आहेच, नाही म्हणत नाही. पण पार्टचा विषय बघा. फेअरिंगचा एक तुकडा मागवायचा तर मॉडेलचं साल लागतं, रंग लागतो, आणि कंपन्या दर वर्ष-दोन वर्षांनी रंग आणि ग्राफिक्स बदलतात. जुना रंग ‘बंद झाला’ असं उत्तर येतं. माझ्या एका गिऱ्हाइकाला शॉकअपच्या पाइपसाठी अधिकृत विक्रेत्याने ‘ऑर्डर टाकली आहे’ एवढं एकच वाक्य आठवडेच्या आठवडे ऐकवलं. कामावर जायला दुसरी गाडी नाही आणि बस वेळेवर नाही. तो पाइप सरळ करून घेऊन मोकळा झाला. मी करून दिला नाही म्हणून माझ्यावर रागावला आणि म्हापशाला जाऊन करून आला.

विम्याचंही तेच. नवी गाडी घेताना थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा मिळतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा सहसा एकाच वर्षाचा. दुसऱ्या वर्षी त्याचं नूतनीकरण झालं नाही, हे पोराला गाडी पडल्यावर कळतं. विमा असला तरी प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात, गाडी कालच शोरूममधून बाहेर काढलेली असली तरी. टायरलाही तेच. धातूच्या भागांना मात्र पहिले सहा महिने घसारा नाही आणि पुढे तो वयाप्रमाणे वाढतो. म्हणजे स्पोर्ट बाईक, जिचं अंगच प्लास्टिकचं, तिच्या मालकाने झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, घेतला नसेल तर सगळ्यात मोठा खड्डा त्याच्याच खिशाला. मग आतला पाइप बदलायला पैसे कुठून आणायचे?

सप्टेंबर 2025 मध्ये सुट्या भागांवरचा आणि टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, हे चांगलं झालं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं, तेही चांगलं. त्याआधी 2014 मध्ये स्पर्धा आयोगाने सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून 14 मोटारकंपन्यांना दंड ठोठावला होता. तो विषय चारचाकींचा होता. दुचाकीचा पार्ट मिळत नाही म्हणून कोण आयोगाकडे जाणार? आमचं गिऱ्हाईक तर बिलसुद्धा मागत नाही.

कंपन्यांचा कारभार तुमच्या अखत्यारीत नाही, हे मला ठाऊक आहे. पण गोव्यात गाड्या विकणाऱ्याला ट्रेड सर्टिफिकेट तुमचंच खातं देतं. त्याला बोलावून एवढं विचारता येईल: तू जी मॉडेल्स इथे विकतोस, त्यांचे शॉकअपचे पाइप, टी-स्टेम, ब्रेक लिव्हर आणि एबीएसचे सेन्सर आज गोव्यात किती आहेत? नसतील तर किती दिवसांत येतात? ही माहिती त्याने शोरूममध्ये फळ्यावर लावावी, जशी गाडीची किंमत लावतो तशी. फेअरिंगला उशीर झाला तर चालेल. फेअरिंगवाचून कुणी मरत नाही.

आता टायर. केंद्रीय मोटार वाहन नियम 94 प्रमाणे दुचाकीच्या टायरची खाच निदान 0.8 मिलिमीटर खोल हवी. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात आणि टायरच्या कडेला त्यांची खूण असते. रबर झिजून त्या उंचवट्याला टेकलं की टायर संपला. हे बघायला यंत्र लागत नाही, डोळे लागतात. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांचा मागचा टायर मधोमध गुळगुळीत गोटा झालेला असतो आणि दोन्ही कडांना मात्र नवी नक्षी. पणजीला रोज सरळ जाऊन-येऊन तो मध्ये चपटा होतो. अशा टायरवर गाडी वळणात कलवली की ती सावकाश कलत नाही, चपट्या भागाच्या धारेवरून एकदम खाली जाते. पोराला वाटतं रस्ता घसरडा होता. कधीकधी असतोही.

दुसरी गोष्ट टायरचं वय. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. 3119 म्हणजे 2019 सालचा 31 वा आठवडा. आपल्याकडे वर्षातले आठ महिने ऊन खाणाऱ्या गाडीचं रबर खाच शिल्लक असली तरी कडक होतं आणि ओल्यात पकड सोडतं. तिसरी गोष्ट माप. आर15 ला मागे 140/70 चा टायर येतो. पोरांना तो बारीक वाटतो, म्हणून आरसीचा 150/60 चढवतात. रिम तीच असल्याने रुंद टायर कडांना आवळला जातो, त्याचा गोलवा बदलतो आणि ज्या पकडीसाठी जादा पैसे दिले तीच वळणात बिघडते. त्यावर पंपावर डोळे झाकून भरलेली हवा. दाब किती हवा याचा स्टिकर गाडीवरच असतो, तो वाचणारा मला क्वचित भेटतो.

आणि रस्ता. तो तुमच्या खात्याचा नाही, सार्वजनिक बांधकाम खात्याचा, हे उत्तर मी आधीच लिहून टाकतो. पण डिचोलीत खनिज वाहतूक पुन्हा सुरू झाल्यापासून आमच्याकडे भर उन्हाळ्यात रस्ता ओला असतो. ट्रकांमधून सांडलेली माती उडू नये म्हणून टँकरने पाणी मारतात. त्याने धूळ बसते आणि डांबरावर सारवणाच्या काल्यासारखा लाल थर तयार होतो. चारचाकीला त्याचं काही नाही. दुचाकीवाला मात्र कोरड्या रस्त्याच्या वेगात येतो आणि वळणावर त्या थरात शिरतो. पावसाळ्यात झेब्रा पट्ट्यांचा जाड थर्मोप्लास्टिक रंग, पुलांच्या सांध्यांवरचं लोखंड आणि चोर्ला घाटातलं शेवाळ. पहिल्या पावसाचं तर विचारू नका. वर्षभराचं तेल आणि माती त्या दिवशी वर येते.

2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 198अ हे कलम आलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या दर्जाची नसेल आणि त्यामुळे माणूस मेला किंवा अपंग झाला, तर जबाबदार कंत्राटदाराला किंवा यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण नुसत्या घसरण्याची नोंदच नसेल, तर त्याच वळणावर आधी दहाजण पडले होते हे माणूस मेल्यावर कुणी सिद्ध करायचं? म्हणून एक मागणी: जखमी न होता पडलेल्यालाही जागा आणि वेळ नोंदवता येईल असा साधा फोन नंबर किंवा ॲप द्या, आणि त्यातून चलन निघणार नाही याची हमी द्या. हमीशिवाय एकही पोरगा फोन करणार नाही, हे मी लिहून देतो.

2022 मध्ये देशभरात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यांतली 44.5 टक्के दुचाकीवरची. त्यांच्या गाड्यांच्या टायरला खाच किती होती, याचं उत्तर कुठल्याच तक्त्यात सापडत नाही.

तुमचं खातं जानेवारीत रस्ता सुरक्षेचे कार्यक्रम करतं, बॅनर लागतात, भाषणं होतात, टोप्या वाटतात. त्याऐवजी, किंवा टोप्या वाटून झाल्यावर म्हणा, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस यायच्या आधी प्रत्येक तालुक्यात एक दिवस टायर तपासणी ठेवा. चलन नको. खाच मोजा, चार आकडे वाचा, हवेचा दाब बघा, हँडल सरळ धरून पुढचं चाक सरळ आहे का ते बघा. नापास झालेल्याला चिठ्ठी द्या आणि महिन्याची मुदत द्या. मुदतीनंतरही तोच टायर दिसला, तर खुशाल दंड करा, मी पोरांच्या बाजूने बोलायला येणार नाही. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या भाड्याच्या दुचाक्यांना मात्र ही सवलत नको. त्या पैसे घेऊन परक्या माणसाच्या हातात दिल्या जातात, त्याला ना रस्ता माहीत ना गाडी आधी पडलेली माहीत. त्यांची तपासणी पर्यटकांच्या हंगामाआधी, ऑक्टोबरात, पुन्हा करा.

साखळी-डिचोलीची जबाबदारी आम्ही गॅरेजवाले घ्यायला तयार आहोत. खाच मोजायचे गेज आमचे, काच आमची, शॉकअप सोडवायची मजुरीही त्या दिवशी घेणार नाही. तुमच्या खात्याकडून एक निरीक्षक आणि शिक्का एवढंच पाठवा. तारीख कळवलीत तर आदल्या दिवशी मैदान झाडून ठेवू.

आपला,
डिचोली तालुक्यातील एक गॅरेजवाला