बिलावरचे नेमके कोणते युनिट?

मा. संपादक,

‘अमुक कंपनीचे कार्बन उत्सर्जन इतक्या टक्क्यांनी घटले’ अशा बातम्या आता वरचेवर छापून येतात. भांडवली बाजाराची नियामक संस्था सेबीने आघाडीच्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३पासून हा तपशील देणे बंधनकारक केले, हे चांगलेच झाले. मात्र विकत घेतलेल्या विजेचे उत्सर्जन काढताना (युनिट गुणिले गुणांक, म्हणजे दर युनिटमागचे उत्सर्जन) चूक गुणाकारात होत नाही, ती बिल वाचताना होते.

महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना, म्हणजे मोठ्या कारखान्यांसारख्यांना, एप्रिल २०२०पासून केव्हीएएचवर (ग्रीडमधून खेचलेल्या एकूण विजेवर) आकारणी होते. बिलावर तोच आकडा ठळक दिसतो आणि लेखा विभाग तोच उचलतो. उत्सर्जनाला लागतात ते केडब्ल्यूएच, म्हणजे प्रत्यक्ष कामी आलेली युनिटे. या दोहोंचे गुणोत्तर म्हणजे पॉवर फॅक्टर. पॉवर फॅक्टर ०.९६ असेल तर १२,५०,००० केव्हीएएच म्हणजे १२,००,००० केडब्ल्यूएच. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०२३-२४चा गुणांक मेगावॅट-तासाला ०.७२७ टन आहे. १२,००,००० केडब्ल्यूएच म्हणजे १,२०० मेगावॅट-तास; १,२०० गुणिले ०.७२७ म्हणजे ८७२.४ टन. केव्हीएएच धरले तर ९०८.७५ टन, म्हणजे ३६ टन उगाच वाढले.

छतावर सौर पॅनेल असलेल्या कारखान्यात उलटे घडते. सुट्टीच्या दिवशी वीज ग्रीडमध्ये जाते. आयात १,००,००० युनिट, निर्यात १५,००० आणि आकारणी ८५,०००वर. इथे हिशेब एक लाखावरच करायचा. निर्यात वजा करता येत नाही, कारण संध्याकाळी घेतलेली वीज कोळशाचीच असू शकते. जनरेटरचे डिझेलही यात मिसळू नये, ते थेट (स्वतः जाळलेल्या इंधनाच्या) उत्सर्जनात जाते.

सर्वांत फसवा प्रकार गुणांकाचा. अनेक एक्सेल तक्त्यांत अजून ०.८२ बसलेला आहे. तो जुना, सौर-पवन वीज वगळून काढलेला, २०२३-२४च्या ०.७२७मध्ये ती धरलेली आहे. त्याच १२ लाख युनिटांना आधी ९८४ टन आणि पुढच्या वर्षी ८७२ टन लावले की एकही मोटर बंद न करता ११ टक्के ‘घट’ दिसते! आधारवर्षही (ज्या वर्षाशी तुलना करतात ते) त्याच पद्धतीने पुन्हा काढले, तरच तुलनेला अर्थ आहे.

हरित वीजदर किंवा अक्षय ऊर्जा प्रमाणपत्रे घेतलेल्या कंपन्यांनी दोन आकडे द्यायला हवेत: एक ग्रीडच्या सरासरीवरचा, दुसरा अशा हरित वीज खरेदीच्या करारांवरचा. उत्सर्जन मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या, म्हणजे जीएचजी प्रोटोकॉलच्या २०१५च्या मार्गदर्शिकेत दोन्ही मागितले आहेत. प्रत्यक्षात जाहिरातीत दिसतो तो दुसराच, कारण तो कमी असतो.

म्हणून विनंती, की अशी बातमी देताना टनांशेजारी वर्षभराचे केडब्ल्यूएच, वापरलेला गुणांक आणि त्याचे वर्ष, तसेच आकडा सरासरीचा की कराराचा, एवढे कंपनीकडून मागून छापावे. त्यासाठी एक ओळ पुरते.

— एक ऊर्जा लेखापरीक्षक, पुणे