हृदय डावीकडेच राहू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कागद, रंग, धागा, छापील आकृत्या, एक्स-रेच्या जुन्या फिल्म असं सगळं एकत्र आणून मानवी शरीराची चित्रं करण्याच्या कृती पुरवण्यांमधून अधूनमधून छापून येतात. त्यात साहित्याची यादी असते. पण किती घ्यायचं, किती वेळ वाळू द्यायचं आणि काम कुठे बिघडतं, हे बहुतेक वेळा नसतं. शिवाय एक मोठी चूक त्या कृतीतूनच होते. छापील आकृती कागदावर उतरवताना डाव्याचं उजवं होतं आणि हृदय भलत्याच बाजूला जातं. म्हणून हे सविस्तर पत्र.

छाप उतरवण्याची पद्धत अशी. चित्राच्या पृष्ठभागावर अ‍ॅक्रेलिक जेल मिडियमचा, म्हणजे वाळल्यावर पारदर्शक होणाऱ्या घट्ट लेपाचा, सारखा थर द्यायचा, त्यावर छापील बाजू खाली करून कागद ठेवायचा आणि जुन्या प्लॅस्टिक कार्डाने मधून कडेकडे हवा काढत दाबायचा. रात्रभर, दमट हवेत पूर्ण दिवस वाळू द्यायचा. मग स्पंजने ओला करून दोनेक मिनिटांनी बोटाच्या पेराने गोल गोल चोळायचं. कागदाचा लगदा निघून जातो, शाई मिडियममध्ये अडकून राहते. ही शाई टोनरची हवी, म्हणजे झेरॉक्स किंवा लेझर प्रिंट. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई बहुधा पाण्यात विरघळणारी असते, ती पसरून सगळं जांभळट करते. लगदा एका दमात काढायला गेलं की खालचा थरच फाटतो, म्हणून तीन-चार वेळा थोडं थोडं चोळावं. वाळल्यावर पांढुरकी झाक दिसली तर समजावं की कागदाचे तंतू उरलेत. ओलं असताना ते दिसत नाहीत, त्यामुळे काम लवकर संपल्यासारखं वाटतं.

आता मुद्दा दिशेचा. समोर तोंड करून उभ्या आकृतीची डावी बाजू पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला येते. हृदयाचा साधारण दोन-तृतीयांश भाग शरीराच्या मध्यरेषेच्या डावीकडे असतो, म्हणजे चित्रात त्याचं टोक आपल्या उजवीकडे झुकलेलं दिसायला हवं. छाप पालथा ठेवला की ते नेमकं उलट होतं, आणि हृदयाबरोबर सगळंच फिरतं. यकृत डावीकडे जातं, तीन खंडांचं उजवं फुप्फुस डावं होतं, महारोहिणीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची, कमान उलटी वळते. अवयव उलट बाजूला असलेली माणसं खरोखर असतात, पण फार विरळा. उपाय साधा आहे. प्रिंट काढण्यापूर्वी आकृतीच्या कोपऱ्यात, तिच्या डाव्या बाजूला, छोटा ‘डा’ टाकायचा आणि मग संपूर्ण चित्र आरशासारखं उलटवून छापायचं. कागदावर उतरल्यावर ‘डा’ सरळ वाचता आला तर दिशा बरोबर. नंतर तो रंगाखाली झाकला तरी चालतो.

ही कला नवी नाही, हेही सांगायला हवं. वेसालियस या शरीररचनाशास्त्रज्ञाने १५४३ मध्ये शरीररचनेचा मोठा ग्रंथ काढला. त्याच वर्षी निघालेल्या त्याच्या संक्षिप्त आवृत्तीत अवयवांची चित्रं कापून आकृतीवर एकावर एक चिकटवण्यासाठी वेगळी पानं दिली होती. कात्री, खळ आणि शरीराचे थर यांचा मेळ तेव्हापासूनचा आहे. आजही चित्र शरीराच्याच क्रमाने बांधावं असं आमचं ठाम मत आहे: आधी हाडं, मग रक्तवाहिन्या आणि स्नायू, शेवटी त्वचा. वरून सुरुवात केली की आतलं सगळं अंदाजाने काढावं लागतं, आणि अंदाज चटकन दिसून येतो.

कागद ३०० जीएसएमपेक्षा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅमपेक्षा) हलका नको. ओला थर वाळताना आकसतो आणि कागदाला आपल्याकडे ओढतो, म्हणून पुढून गेसो, म्हणजे रंगाखालचा पांढरा अस्तर-थर, दिला की मागूनही एक हात द्यावा. नाहीतर कागद पन्हाळीसारखा वळतो. जाड बोर्डावर चिकटवलेला कागद सर्वांत चांगला. ए-३ आकाराच्या, म्हणजे ४२० मिलिमीटर उंचीच्या कागदावर वर-खाली ३० मिलिमीटर सोडले की ३६० उरतात. उंची डोक्याच्या साडेसात पट धरायची, म्हणजे डोकं ४८ मिलिमीटरचं आणि आकृतीच्या निम्म्यावर, म्हणजे १८० वर, जांघेचं हाड. डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर. बहुतेक जण ते वर काढतात आणि कवटी चपटी होते.

बरगड्यांवर मात्र थांबायला हवं, कारण तिथे जवळजवळ प्रत्येक जण शिडी काढतो. बरगडी आडवी नसते. ती पाठीच्या मणक्यापासून निघून खाली उतरत पुढे येते, त्यामुळे तिचं पुढचं टोक मागच्यापेक्षा बरंच खाली असतं. बारा जोड्यांपैकी वरच्या सात आपापल्या कूर्चेने छातीच्या मधल्या हाडाला जोडलेल्या असतात. आठवी ते दहावी वरच्या बरगडीच्या कूर्चेला टेकतात. शेवटच्या दोन मोकळ्याच राहतात. पांढऱ्या गोंदात बुडवलेल्या सुती दोरीने बरगड्या छान होतात, फक्त दोरी आधी त्या उतारावर पेन्सिलीने आखलेल्या रेषेवर बसवावी. पाठकणा आणि कंबरेची हाडं मॉडेलिंग पेस्टने, म्हणजे उठाव देण्याच्या घट्ट लेपाने, उठावात करता येतात. एका वेळी तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर देऊ नये. वरची साय आधी सुकते, आतला भाग मागाहून आकसतो आणि तडे जातात. दोन थरांत एक दिवस जाऊ द्यावा.

स्नायूंसाठी टिश्यू पेपरसारखं दुसरं काही नाही. कागदालाही दोरा असतो. एका दिशेने फाडला तर सरळ पट्टी निघते, दुसऱ्या दिशेने फाडला तर वेडीवाकडी. आधी दोन्हीकडून फाडून बघावं आणि सरळ फाटणाऱ्या दिशेच्या पट्ट्या घ्याव्यात. दंडाच्या स्नायूवर त्या हाताच्या लांबीने लावायच्या, छातीच्या मोठ्या स्नायूवर पंख्यासारख्या, काखेजवळ दंडाच्या हाडाकडे गोळा होणाऱ्या. सुरकुत्या येऊ द्याव्यात. त्याच स्नायूतंतू म्हणून दिसतात. दोन भाग गोंद, एक भाग पाणी, आणि ब्रश वरून अलगद. कागद मात्र पांढराच घ्यावा आणि वाळल्यावर रंगवावा. लाल टिश्यूचा रंग ओल्या गोंदात सुटतो आणि हाडंसुद्धा गुलाबी होतात.

रक्तवाहिन्यांना भरतकामाचा सहापदरी धागा घ्यावा. फाट्यापाशी सहाचे तीन-तीन केले तर फांद्या बारीक वाटतात, कारण शरीरात दोन शाखांच्या छेदांची बेरीज मूळ नळीपेक्षा थोडी जास्त भरते. फाट्यापाशी जादा पदर जोडून सहाचे चार-चार, मग चाराचे तीन-तीन असं उतरत शेवटी एक पदर ठेवला की झाडासारखा फुलोरा येतो. भोकं आधी टोच्याने पाडून घ्यावीत आणि निदान तीन मिलिमीटर अंतराने. त्याहून जवळ पाडली तर कागद टपाल तिकिटासारखा फाटतो. रोहिणी लाल, नीला निळी हा संकेत फुप्फुसांपाशी उलटतो. हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणारी रोहिणी निळी आणि तिथून परतणाऱ्या नीला लाल दाखवायच्या, कारण रंग ऑक्सिजन दाखवतो, वाहिनीचं नाव नाही.

एक्स-रे फिल्म वापरताना कोपऱ्यातलं रुग्णाचं नाव, वय, तारीख असलेली पट्टी कापून नष्ट करावी. फिल्म स्वतःचीच असली तरीही. तिचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने रंग पापुद्रे होऊन सुटतो. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासून मग रंग लावावा आणि मागे पांढरा कागद ठेवावा. गडद कागदावर हाडं दिसेनाशी होतात.

शेवटची गोष्ट आम्हाला सर्वांत जास्त काळजीची वाटते. हाताचा साचा घेण्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिसच्या भांड्यात हात बुडवायला सांगणारी कृती कृपया कधीही छापू नका. घट्ट होताना प्लास्टर तापतं. जाड गोळ्यात ते साठ अंशांच्या आसपास जाऊ शकतं, आणि तोवर हात आत पक्का अडकलेला असतो. त्यातून खोल भाजतं. त्वचेवर घ्यायचं तर व्हॅसलीनचा सढळ थर, त्यावर प्लास्टरच्या पट्टीचे तीन-चार पातळ थर, तेही हाताच्या एकाच बाजूला. पूर्ण वेढा घालायचा नाही. पट्टी कडक झाली की लगेच उचलायची आणि चटका वाटला तर त्याआधीच. संपूर्ण हाताचा साचा हवा असेल तर दंतवैद्य वापरतात ते अल्जिनेट वापरावं, ते तापत नाही. लहान मुलांसाठीच्या पानावर एवढ्या चार ओळी कृतीच्या वरच, ठळक टाइपात याव्यात, ही विनंती.

आपले,
चित्रकला आणि शरीररचना शिकवणारे दोन वाचक