चाचा, मडगार्डबद्दल आभार, आणि त्या ट्यूबच्या तुकड्याबद्दल लई जास्त

चाचांना सलाम,

तुम्ही हे स्वतः वाचणार नाहीत हे माहितीय, तुमच्याकडं अजून बटनाचाच मोबाईल आहे. पण तुमचा नातू दिवसभर मोबाईलमधे तोंड घालून बसतो ही तुमचीच तक्रार, म्हणून म्हणलं त्याच्या मोबाईलवर जाईल असं लिहावं, तो वाचून दाखवेल. दुकानात येऊन तोंडावर बोलायला गेलो होतो मागच्या आठवड्यात, तुम्ही "जाव जी, काम पे जाव" म्हणलात आणि पुढच्या पंक्चरला लागलात.

मी तो निळ्या गिअरच्या सायकलवाला. डाळ मिलमधे हिशेब बघतो. गंजगोलाईच्या चौकात 16 रस्ते येऊन मिळतात आणि त्यातल्या अर्ध्या रस्त्यांवर कुठं ना कुठं सायकलवाला आहे, तरी तुमच्यापर्यंत पोचायला मला दीड महिना लागला, ह्याचंच जास्त वाईट वाटायलंय.

खरं सांगतो, लातूरच्या माणसानं मडगार्डचं रडगाणं गायचं म्हणजे जरा लाजच वाटते. एप्रिल 2016 मधे ह्याच गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ती पाण्याची गाडी, जलदूत, बघायला मी पण स्टेशनकडं गेलतो, आठ-आठ दिवस अंघोळ पुढं ढकललेली माणसं आम्ही, आणि आता तोच मी अंगावर पाणी उडतं म्हणून पत्र लिहायलोय. पण आपल्याकडं पाऊस रुसला तर वर्षभर रुसतो आणि आला तर सप्टेंबर 2025 सारखा येतो, उभं सोयाबीन पाण्यात. मधलं काही त्याला जमत नाही.

2021 मधे पेट्रोल 100 च्या वर गेलं तेव्हा मोटारसायकल झाकून ठेवली आणि ही सायकल घेतली. एमटीबी आहे म्हणले. म्हणजे डोंगरातल्या चिखलात घालायची सायकल, आणि चिखल अडवायला तिला काहीच नाही! पहिल्याच पावसात मागच्या चाकानं कमरेपासून मानेपर्यंत अशी रेघ ओढली की मिलमधे माझं नाव खारूताई पडलं. ते चाललं. लोक हसतात, आपण पण हसायचं. पण यंदा लेक दुसरीत गेली आणि शाळा माझ्याच रस्त्यावर म्हणून कॅरिअरला उशी बांधून तिला मागं बसवायला लागलो, तेव्हा ती रेघ तिच्या युनिफॉर्मवर जायला लागली आणि बाईंनी तिला विचारलं, कुठं लोळून आलीस. ते काही मला सहन झालं नाही.

आता तुमच्या आधी ज्या दोन दुकानांत गेलो त्या दोघांचं थोडं बोलू द्या, नाव घेत नाही. पहिलं ते काचेचं दुकान, एसीवालं. तिथला पोरगा सायकलकडं न बघताच म्हणला, सर ह्या मॉडेलला मडगार्ड येतच नाही, हे घ्या, आणि सीटच्या पाइपाला लावायचं प्लास्टिकचं एक शेपूट दिलं. मी म्हणलं अरे मागं लेकरू बसतं. तो म्हणला, ॲडजस्ट होतंय सर. लेकरू कुठं ॲडजस्ट होणार, सीटच्या मागं त्याचीच जागा, ते शेपूट थेट तिच्या मांडीत. चार दिवसात एका स्पीडब्रेकरवर त्यानंच मान टाकली, बरं झालं.

दुसऱ्यानं मडगार्ड तर बसवून दिलं, मागं-पुढं दोन्ही, पण पुढचं बसवलं शॉकअपच्या वर. खड्डा आला की चाक वर उचलतं आणि मडगार्डला घासून खर्र करतं, प्रत्येक खड्ड्याला, आणि आपल्याकडं खड्डे किती ते सांगायची गरज नाही. मागं ज्या तारा लावल्या त्या लांब झाल्या म्हणून पकडीनं कापल्या आणि टोकं तशीच बाहेर ठेवली. त्या टोकानं लेकीची पोटरी फाडली, चाचा. वीतभर ओरखडा, मोजा रक्तानं भरलेला, धनुर्वाताचं इंजेक्शन. मी तसाच सायकल घेऊन त्याच्याकडं गेलो तर काय म्हणला माहितीय का, "लेकराला पाय धरून बसायला शिकवा." मी काही बोललो नाही. मला भांडता येत नाही, घरी येऊन बायकोवर ओरडलो, ते वेगळंच.

तुमच्याकडं आलो ते खरं तर मडगार्ड काढून टाका म्हणायलाच. तुम्ही आधी पान थुंकून आलात, मग पुढचं हँडल दोन्ही हातानं धरून सगळं वजन टाकून शॉकअप दाबला, खाली वाकून बघितलं आणि नुसतं "च्" केलं. मग विचारलं, रस्ता कोणता? डांबर का माती? दीड महिन्यात हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मी म्हणलं हरंगुळच्या बाजूला, डांबरच आहे पण शेवटी मिलकडं आत वळलं की पाऊण किलोमीटर काळं रान. तुम्ही म्हणलात, मग दोन बोटं जागा ठेवावी लागते, नाहीतर काळी माती चाक पकडते. माझे आजोबा पाऊस लागला की सायकलचे मडगार्ड काढून माळ्यावर टाकायचे आणि दिवाळीला परत लावायचे, लहानपणी मला वाटायचं म्हातारा उलट्या डोक्याचा आहे. त्या दिवशी तुमच्या दुकानात उभं राहून कळलं. माती फुगून टायरला चिकटत जाते आणि मडगार्ड टेकलेलं असलं की चाक फिरतच नाही, मग सायकल माणसावर बसते.

बाकी तुम्ही काय कसं केलं ते मी सांगत बसत नाही, मला त्यातलं कळत पण नाही. पुढचं शॉकअपच्या खालच्या भागाला बसवलंत म्हणजे ते चाकाबरोबरच खाली-वर होतं, खर्र बंद झाली. पुढच्या मडगार्डला खाली जुन्या टायरचं रबर लटकवलंत तेव्हापासून माझे बूट कोरडे आहेत. एवढं मला पुरे.

पण जे सांगायला बसलोय ते हे. लेक माझ्यासोबतच होती, त्या लोखंडी पेटीवर बसून पाय हलवत होती. तुमचं लक्ष तिच्या पट्टीकडं गेलं. तुम्ही मला काही विचारलं नाही, तिला विचारलं, "ये किससे लगा बेटा?" तिनं बोट दाखवलं. मग तुम्ही कानस घेतली आणि मागच्या चारी तारांची टोकं घासत बसलात, गिऱ्हाईक उभं होतं, एक जण हवा भरायला थांबून थांबून निघून गेला, तुमचं चालूच. जुन्या ट्यूबचे चार तुकडे कापून एकेका टोकावर चढवले. आणि मग शर्टाची बाही वर केली आणि स्वतःच्या हाताची आतली बाजू, जिथं कातडी पातळ असते ती, त्या टोकावर जोरात घासली. एकदा नाही, चारी टोकांवर. एका ठिकाणी कुठं लागलं असेल, तो तुकडा काढून परत कानस मारली आणि परत हात घासला. मग तिच्याकडं बघून म्हणलात, "अब नई लगता."

मी बाप आहे तिचा, चाचा. इंजेक्शनला नेलं, औषध आणलं, त्या दुकानदाराला मनात शिव्या दिल्या. पण त्या टोकावर आपला हात ठेवून बघावं हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आमच्या मिलमधे एक हमाल आहे, पन्नास किलोचं पोतं पाठीवर असलं तरी खाली टाकायच्या आधी थांबतो, थप्पीमागं मांजरीची पिलं आहेत ती बघतो आणि मग टाकतो. बाकीचे त्याला हसतात, मुकादम ओरडतो, टाइम खातो म्हणून. तुम्हाला बघून मला तोच आठवला. अशी माणसं कुठल्या शाळेत शिकतात कळत नाही, आणि आपल्याला आयुष्यात तीन-चारच भेटतात, बाकी सगळे ॲडजस्ट होतंय सर.

मजुरी विचारली तर तुम्ही 50 रुपये म्हणलात, मी 100 दिले तर 50 परत केले आणि वर लेकीच्या हातात एक छर्रा दिला बेअरिंगमधला, चकचकीत. तो तिच्या कंपासपेटीत आहे, वर्गातल्या सगळ्यांनी हात लावून बघितलाय. त्या ट्यूबच्या तुकड्यांना ती सायकलचे मोजे म्हणते. सकाळी बसायच्या आधी वाकून चारी मोजे मोजते, मग बसते.

काल मोजले तर तीनच निघाले. एक कुठंतरी पडलाय, टोक गुळगुळीत आहे म्हणून काही लागलं नाही, पण बाईसाहेब बसायला तयार नाहीत, उलट मलाच म्हणायल्या, चाचांसारखा हात घासून दाखव. घासला. मग बसली. रविवारी सकाळी सायकल घेऊन येतो, दुकान उघडं ठेवा, आणि ह्यावेळी चहाचे पैसे मी देणार.

तुमचा,
खारूताई (आता शर्ट पांढरा असतो)