न्यायाचा शब्द न दिल्याबद्दल आभार

आदरणीय वकीलसाहेब,

सप्रेम नमस्कार.

वडिलोपार्जित जमिनीतल्या माझ्या हिश्श्याची मोजणी झाली, हद्दीचे दगड रोवले गेले आणि सातबाऱ्यावर माझं नाव स्वतंत्र लागलं. फोनवर हे सांगितलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "फेरफाराची नक्कल जपून ठेवा." आभाराचा विषय मी काढला की तुम्ही तो बाजूला सारता. म्हणून हे पत्र. ते उघड लिहिते आहे, कारण गंगाखेड तालुक्यातल्याच काय, अख्ख्या मराठवाड्यातल्या लेकीबाळींच्या कामाचं यात काही आहे.

तुमच्याकडे येण्याआधी मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्या प्रत्येकानं "ताई, न्याय मिळेल, काळजी करू नका" असं सांगितलं होतं. तुम्ही एकट्यानं तसं म्हटलं नाहीत. कागद वाचलेत, चष्मा काढलात आणि म्हणालात, "न्यायाचं मला माहीत नाही. कायद्यात आज काय बसतं तेवढं सांगतो."

मग तुम्ही हिशोब मांडलात. जमीन वडिलोपार्जित, नऊ एकर. १९५४-५५ च्या खासरा पत्रकात, म्हणजे जमिनीच्या जुन्या सरकारी नोंदीत, आजोबांचं नाव, आजोबा १९५५ साली गेले. माय आधी गेलेली, वडील २००३ साली. मागे दोन भाऊ आणि मी. माझं लग्न १९८९ चं. हिंदू वारसा कायद्यात मुलींना जन्मानं हक्क देणारी राज्याची दुरुस्ती १९९४ ची, पण तिनं आधी लग्न झालेल्या मुलींना बाहेरच ठेवलेलं. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू. आणि सुप्रीम कोर्टानं २०१५ साली फुलवतीच्या निकालात सांगितलेलं, की त्या दिवशी बाप हयात असेल तरच मुलीला तो हक्क. वडील दोन वर्षं आधी गेले, म्हणून जमिनीचे हिस्सेदार वडील आणि दोन भाऊ असे तिघंच, आणि मला फक्त वडिलांच्या तिसऱ्या हिश्श्यातला तिसरा हिस्सा. म्हणजे एक एकर. "दावा लावायचा तर एक एकर डोळ्यांपुढे ठेवून लावा," असं तुम्ही बजावलंत. एक एकरासाठी भावांशी वैर घ्यायचं का, हे मी घरी जाऊन ठरवलं, आणि ते पूर्ण माहितीनिशी ठरवलं. पुढं गावात बोलणी खावी लागली, भावाच्या घरचं लग्न मला न बोलावता झालं, तरी मी डगमगले नाही ते त्यामुळेच. मोठ्या आशेवर गेले असते तर पहिल्याच वर्षी भावांची कैफियत, म्हणजे कोर्टातलं लेखी उत्तर, वाचून खचले असते.

११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्याचा निकाल आला. बाप त्या तारखेला हयात असो वा नसो, मुलीचा हक्क जन्मापासूनचा. कोरोनाचे दिवस होते, तुम्ही फोन केलात. एकाचे तीन एकर झाले होते. मी "पांडुरंग पावला" म्हटलं. तुम्ही म्हणालात, "ज्या बाई दिल्लीहून शेवटपर्यंत भांडल्या, त्यांचे आभार माना."

त्याच फोनवर तुम्ही जे बोललात त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. तुमचं म्हणणं असं, की १० ऑगस्टला आणि १२ ऑगस्टला जमीन तीच, बाप तोच, त्याच्या मरणाची तारीख तीच. मग १० तारखेला एक एकर हा न्याय होता की १२ तारखेला तीन एकर हा? न्याय नावाची वस्तू कुठंतरी कायमची ठेवलेली असती, तर तिला १९९४, २००५, २०१५, २०२० अशा तारखा पडल्या नसत्या. कोर्टात निकाल असतो आणि त्याला कारणं असतात. जिंकणारा त्याच कागदाला न्याय म्हणतो, हरणारा अन्याय. घटनेत 'संपूर्ण न्याय' करण्याचा अधिकार कलम १४२ नं सुप्रीम कोर्टाला दिला आहे. तालुक्याच्या कोर्टाकडून तो मागू नका. तिथं पुरावा मांडा. परभणीच्या अपिलानंतर खरंखोटं ठरवण्याचं काम जवळपास संपतं, आणि पुढं हायकोर्टाच्या संभाजीनगर खंडपीठात दुसरं अपील जातं ते फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर, हेही तेव्हाच समजावलंत.

देवळातल्या शपथेच्या वेळी तुम्ही जे केलंत, त्याचं ऋण मात्र सर्वांत मोठं.

भावांचं म्हणणं दुहेरी होतं. वडील असतानाच तोंडी वाटणी झाली, आणि वडिलांच्या तेराव्याला मी मारुतीच्या देवळात, चारचौघांसमोर, हक्क सोडल्याचं बोलले. कोर्टात त्यांचा हा मुद्दा डळमळू लागला तेव्हा गावातली वडीलधारी मंडळी घरी आली. म्हणाली, "पोरी, कोर्ट राहू दे. तू बोलली नसशील तर देवळात बेलभंडारा उचल. आम्ही तुझ्या बाजूनं उभे राहतो." मी तयार होते. मी खरं बोलत होते, मला भीती कसली?

तुम्ही मला नको म्हणालात, आणि कारण पूर्ण सांगितलंत. देवळातल्या शपथेत खरेपणा नव्हे, भीती तपासली जाते. देवाला भिणारी बाई खरी असूनही अडखळते. न भिणारा खोटा माणूस बेधडक भंडारा उचलतो. मराठेशाहीत दिव्य करायचे, उकळत्या तेलातून धातूचा रवा काढायचा, हात बांधून ठेवायचा, आणि पुढं सोडून पाहायचा. हात पोळला तर खोटा. "पोळणं हा तेलाचा गुण," तुम्ही म्हणालात, "तो खऱ्याला वेगळा आणि खोट्याला वेगळा लागत नाही." मग कोर्टातही शपथ असतेच की, असं मी विचारलं. तुम्ही सांगितलंत, की १९६९ च्या शपथ कायद्यानं ईश्वराची शपथ घ्या किंवा नुसती प्रतिज्ञा करा, दोन्ही सारखंच धरलं जातं. वजन येतं ते नंतरच्या उलटतपासाला. देवळात उलटतपास नसतो.

आणि उलटतपासात झालं तसंच. हक्क सोडल्याचं ऐकलं म्हणणाऱ्या तिघांपैकी एकानं मी गाभाऱ्यासमोर बोलले म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं पारावर, आणि तिसरा त्या दिवशी गावातच नव्हता. शंभर रुपयांवरच्या स्थावरातला हक्क सोडायला नोंदणीकृत दस्त लागतो, हा कायद्याचा भाग तुम्ही शेवटी दोन वाक्यांत मांडलात. तोंडी वाटणीला तर एकही सरकारी कागद नव्हता, सातबारा सगळा सामाईक. बायांनो, हे लक्षात ठेवा: तेराव्याला, राखीला, साडीचोळीच्या वेळी तोंडानं काढून घेतलेल्या होकारावर जमीन जात नाही. पण "जरा इथं सही कर" म्हणून निबंधक कार्यालयात नेलं, तर जाते.

मी माळकरी घरातली. तुम्ही देव मानत नाही हे सगळ्या तालुक्याला ठाऊक, म्हणून आधी मला तुमच्याकडे यायला संकोच होता. एकदा धीर करून विचारलं तेव्हा तुम्ही पुरावा कायदाच उघडलात. १८७२ पासून त्यात तीन खाने आहेत, आणि १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आला त्यातही तेच: शाबीत झालेलं, खोटं शाबीत झालेलं, आणि शाबीत न झालेलं. देव तुमच्या लेखी तिसऱ्या खान्यात. नाही असं तुम्ही म्हणत नाही. त्याच्या नावावर कुणाचा हिस्सा कापायचा असेल तर मात्र आधी शाबीत करा म्हणता. नांदेडला शिकताना विचारवंत नरहर कुरुंदकरांची व्याख्यानं ऐकलेली, चार्वाकापासून न्यायसूत्रांपर्यंत सगळं वाचलेलं. तरी तत्त्वज्ञांवर तुमचा राग. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द या ज्ञानाच्या साधनांवर शतकानुशतकं वाद घालता येतो, कारण निकाल देण्याची सक्ती कुणावर नाही. न्यायाधीशावर ती आहे. शंका उरलेली असतानाही त्याला संध्याकाळपर्यंत सही करावी लागते, आणि म्हणूनच शंका कशी वागवायची ते तो शिकतो, असं तुमचं मत. माझी वारी तुम्ही कधी हसण्यावारी नेली नाहीत. आषाढीच्या आसपास तारीख पडली की ती पुढं ढकलायला स्वतःहून अर्ज दिलात.

एका ठिकाणी मला तुमचं पटलेलं नाही, ते इथंच सांगते. कायद्याच्या तारखा बदलतात म्हणून न्याय काही नसतो, हे कसं? त्या तारखा आपोआप सरकल्या नाहीत. लेकीला वगळणं चूक आहे असं कायदा व्हायच्या आधी कुणाला तरी वाटलं, तेव्हा हातात कलमही नव्हतं. २०१५ मध्ये पाऊल मागं पडलं, हे तुम्ही लगेच दाखवाल. पण ते मागं पडलं हे तुम्हाला तरी कशावरून कळलं? तुम्ही त्याला काही नाव देऊ नका. मी न्याय म्हणते.

फीबद्दल लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. मालमत्तेच्या काही दाव्यांत बायांना कोर्ट फी माफ आहे, १ ऑक्टोबर १९९४ च्या राज्य सरकारच्या अधिसूचनेनं, आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. या दोन गोष्टी तुम्ही मला पहिल्याच भेटीत सांगितल्यात, त्या मात्र इथं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

येत्या रविवारी आमच्या बचत गटाच्या बैठकीला तुम्ही येताय, असा निरोप मिळाला. चौघीजणी कागद घेऊन येणार आहेत. त्यांतल्या एकीच्या घरी उर्दूतले जुने कागद निघाले आहेत, ते वाचायला गावात आता कुणी उरलं नाही. दुसरीनं हक्कसोडीवर सही केलेली आहे, नोंदणीकृत. तिला मी काही बोलले नाही. जे असेल ते तुम्हीच सांगा, मला सांगितलंत तसंच.

आपली कृतज्ञ,
तीन एकरांची एक पक्षकार