स्क्रँटनची सहल : खाण राहिली, पैसे गेले

प्रति,
प्रमुख, सहल विभाग

विषय : ‘कोळसा आणि रेल्वे’ या एकदिवसीय सहलीचं चुकीचं वेळापत्रक, परतावा आणि पत्रकात दुरुस्ती करण्याबाबत

महोदय,

गेल्या शनिवारी न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघालेल्या आपल्या बसमध्ये आम्ही 38 जण होतो. चालक चांगला होता, जेवणही वेळेवर मिळालं. त्याबद्दल काही म्हणणं नाही. तक्रार पत्रकाची आहे. ज्याने ते बनवलं त्याने नकाशा पाहिला असेल, तो भाग मात्र पाहिलेला दिसत नाही.

ईशान्य पेनसिल्व्हेनियातला अँथ्रासाइट म्हणजे कडक दगडी कोळशाचा पट्टा म्हणजे एक गाव नव्हे. त्यात चार वेगवेगळी कोळसाक्षेत्रं आहेत. स्क्रँटन उत्तरेच्या क्षेत्रात, तर अ‍ॅशलंड आणि सेंट्रेलिया हे ओस पडलेलं गाव पश्चिम-मध्य क्षेत्रात. मध्ये मोटारीने तासाभराहून जास्त अंतर, बसला त्याहून अधिक. आपण सकाळी सेंट्रेलिया, दुपारी स्क्रँटनचं स्टीमटाउन हे रेल्वे संग्रहालय आणि चार वाजता तिथलीच लॅकावानाची खाण असा क्रम लावलात. स्टीमटाउनलाच उशीर झाला आणि खाणीवर पोचेपर्यंत दिवसाची शेवटची फेरी खाली गेलेली होती. त्या फेऱ्या दुपारीच संपतात. चारची वेळ पत्रकात छापण्याआधी खाणीला एक फोन केला असता तर हे कळलं असतं.

आणि सकाळचा तो वेळ कशावर गेला? पत्रकात लिहिलं होतं, ‘धुमसणाऱ्या रस्त्यावर फोटो’. सेंट्रेलियाची आग 1962 पासून जमिनीखाली जळते आहे हे खरं. पण पत्रकातल्या फोटोतला रंगवलेला जुना महामार्ग 61 एप्रिल 2020 मध्ये मातीचे ढीग टाकून बुजवला गेला आणि ती जागा खासगी मालकीची आहे. आता तिथे दिसतात झुडपं, रिकामे चौक आणि गवत. गावाची गोष्ट सांगणारा वाटाड्या सोबत असता तर त्या रिकाम्या चौकांनाही अर्थ आला असता. आपण तोही दिला नव्हता.

खरी चीड याची, की सेंट्रेलियाला जाताना बस अ‍ॅशलंडमधूनच गेली. तिथे पायोनियर टनेल ही खाण आहे. महानॉय डोंगरात सपाट बोगद्यातून गाडी सरळ 1,800 फूट आत जाते. खाली उतरावं लागत नाही. बाहेर ‘हेन्री क्ले’ नावाचं 1927 चं छोटं वाफेचं इंजिनही फेरी मारतं. खाण आणि वाफेचं इंजिन एकाच जागी. आणि आपण तिच्या दारावरून पुढे गेलात! त्यात भर म्हणजे पत्रकात फोटो याच खाणीचा आणि मजकूर मात्र ‘300 फूट खोल उतरा’ असा. 300 फूट खोल आहे ती स्क्रँटनची लॅकावाना खाण. दोन खाणींची खिचडी केली आहे.

लॅकावानाच्या खाणीत माणसांची गाडी तारेच्या दोराला बांधून तीव्र उतारावर सोडतात. गाडीत शिरताना कमरेत वाकावं लागतं. खाली सुमारे अर्धा मैल चालायचं असतं. जमीन ओली, खडबडीत, छत कुठे कुठे डोक्याशी आलेलं. तापमान वर्षभर 53 अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण 12 सेल्सिअस. पत्रकात मात्र ‘उन्हाळी कपडे, आरामदायक चपला’. बसमध्ये पुण्या-नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील होते. कुणी सुती साडीत, कुणाच्या पायात गुळगुळीत तळाच्या सपाता. वेळेवर पोचलो असतो तरी त्यातल्या निम्म्यांनी खाली जायलाच नको होतं. स्वेटर, बंद बूट आणि गुडघेदुखीची सूचना, एवढं तरी छापा.

स्टीमटाउनबद्दल दोन गोष्टी. ‘जगप्रसिद्ध बिग बॉय चालताना पाहा’ असं आपण लिहिलंत. बिग बॉय म्हणजे युनियन पॅसिफिक रेल्वेची अवाढव्य वाफेची इंजिनं. तिथला 4012 क्रमांकाचा बिग बॉय उभाच असतो. 1941 सालचं इंजिन, टेंडरसह (मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यासह) 132 फूट, जवळून पाहायला अप्रतिम. पण त्यात वाफ नाही. चालतो तो 4014, युनियन पॅसिफिकचा, आणि त्याचं घर वायोमिंगला. शिवाय बिग बॉय पेनसिल्व्हेनियात कधी नोकरीला नव्हताच. तिथे पाहायचं ते जुन्या लॅकावाना रेल्वेचं यार्ड, इंजिनं वळवणारी फिरती तबकडी आणि इंजिनघर. ही रेल्वे अँथ्रासाइटवर इंजिनं चालवी. हा कोळसा धूर फार कमी करतो, म्हणून त्या रेल्वेच्या जाहिरातीतली फीबी स्नो ही काल्पनिक तरुणी पांढऱ्याशुभ्र झग्यात प्रवास करायची! हे सांगणारं आपल्याकडून कुणी नव्हतं.

दुसरी गोष्ट पैशांची. ‘स्टीमटाउन प्रवेश शुल्क’ म्हणून आपण माणशी सहा डॉलर घेतलेत. ते राष्ट्रीय उद्यान सेवेचं स्थळ आहे, प्रवेश मोफत. तिकीट लागतं ते गाडीच्या फेरीचं, आणि ती फेरी आपल्या कार्यक्रमात नव्हती.

तेव्हा खाणीच्या तिकिटाचे पूर्ण पैसे आणि हे सहा डॉलर प्रत्येकाला परत मिळावेत. ‘पुढच्या सहलीवर सवलत’ चालणार नाही. पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

सहल पुढेही काढणार असाल तर ती उत्तर आणि दक्षिण अशी दोन दिवसांत तोडा. उत्तरेच्या दिवशी एडिसनहून सव्वासातला निघा आणि सकाळी सगळ्यात आधी खाण उरका. ती ज्या मॅकडेड पार्कात आहे, तिथेच अँथ्रासाइट वारसा संग्रहालय आहे. मग स्टीमटाउन, शेजारीच ट्रॉली म्हणजे विजेच्या ट्रामचं संग्रहालय. ट्रॉली चालू असेल त्या दिवशी क्राउन अ‍ॅव्हेन्यूच्या 4,747 फुटी बोगद्यातून जाते, मुलांना तेच सगळ्यात आवडेल. वेळ उरला तर गावातल्या दगडी लोखंडभट्ट्या, पंधरा मिनिटं पुरतात. दक्षिणेच्या दिवशी अ‍ॅशलंड आणि जिम थॉर्प हे गाव. सेंट्रेलिया जाता-येता बसमधूनच दाखवा.

आणखी एक, तातडीचं. आपल्या पुढच्या तारखांत डिसेंबरची एक सहल दिसते. लॅकावानाची खाण हिवाळ्यात पर्यटकांसाठी बंद असते. लोकांनी पैसे भरण्याआधी ती तारीख काढून टाकावी. उत्तर पंधरा दिवसांत लेखी द्यावं.

आपले,
शनिवारच्या सहलीतील 38 प्रवासी
(सह्यांचा कागद सोबत)