‘कुंकू’चा शेवट आणि १९३७चा कायदा

महोदय,

‘कुंकू’ आज पहिल्यांदा पाहणारे तरुण प्रेक्षक शेवटावर हमखास नाराज होतात. काकासाहेब या म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली नीरा एवढी झुंजते आणि तिची सुटका होते ती त्या म्हाताऱ्याने जीव दिला म्हणून. मग तिच्या लढ्याला अर्थ काय? आक्षेप बिनतोड वाटतो. पण पुण्यात ‘प्रभात’ने काढलेल्या या १९३७च्या चित्रपटाशेजारी त्या सालचा कायदा ठेवला, की आक्षेपाची जागाच बदलते.

काडीमोडीची रूढी असलेल्या जाती सोडल्या, तर मुंबई इलाख्यातल्या हिंदू बायकांना तेव्हा घटस्फोट नव्हता. तो १९४७ मध्ये आला, देशभर १९५५ मध्ये. शारदा कायद्याने १९२९ मध्ये मुलीचे किमान वय १४ ठरवले, पण नवऱ्याच्या वयाला वरची मर्यादा कोणीच घातली नाही. म्हणजे काकासाहेबांचे लग्न कायद्याने पक्के, आणि त्यातून बाहेर पडायला नीरासमोर दोघांपैकी एकाच्या मरणाखेरीज दार नाही. पटकथेने सोयीचा मार्ग शोधला असे म्हणण्याआधी दुसरा मार्ग होता का, हे पाहायला हवे.

खरी धार नीराच्या नकारात आहे. ती बायको म्हणून त्या घरात राहते, पण संसार नाकारते. अशा वेळी नवऱ्याला वैवाहिक हक्क पुनर्स्थापित करण्याचा, म्हणजे बायकोने नांदावे असा हुकूम मागणारा दावा लावता येत असे. नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना १८८७ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने ‘नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात’ असेच सुनावले होते. १९२३च्या दुरुस्तीने तुरुंग गेला, मालमत्तेची जप्ती राहिली. काकासाहेब स्वतः वकील. हे त्यांना ठाऊक नसेल असे होणार नाही. आणि आज? हाच दावा लावू देणारे हिंदू विवाह कायद्याचे कलम ९ जागेवर आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मधल्या अपवादानुसार, १८ वर्षांवरील पत्नीवर पतीने केलेली जबरदस्ती बलात्कार ठरत नाही. नीराचा नकार जुना झाला असे मानणाऱ्यांनी हे कलम वाचावे.

बोट ठेवायचेच तर ते काकासाहेबांच्या शेवटच्या पत्रावर ठेवावे. तुला शोभेल अशा माणसाशी लग्न कर, असे ते नीराला सांगतात. विधवाविवाहाला १८५६ पासून मुभा होती, पण त्याच कायद्याच्या कलम २ प्रमाणे पुनर्विवाह करणारी विधवा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क गमावत असे. गंमत अशी, की चित्रपट आला त्याच वर्षी, १४ एप्रिल १९३७ला, विधवेला मुलाइतका वाटा देणारा कायदा लागू झाला (तोही हयातीपुरता, पूर्ण मालकी १९५६ मध्ये). म्हणजे मृत्युपत्राने वेगळी सोय केलेली नसेल, तर नीराने विधवा राहावे आणि वाटा घ्यावा, किंवा सल्ला मानावा आणि रिकाम्या हाताने निघावे. वकिलाच्या पत्राचा हा हिशेब आपल्याकडच्या समीक्षेत फारसा मांडला जात नाही.

दुसरी उणीव सहानुभूतीची. फुटका आरसा, रंगवलेले केस, घड्याळ ही सगळी लक्षात राहणारी प्रतिमासृष्टी काकासाहेबांच्या वाट्याला येते, आणि त्यांच्या भूमिकेतले केशवराव दाते इतके चांगले आहेत की पारडे त्यांच्याकडे झुकतेच. नीरा झालेल्या शांता आपट्यांचा ताठ आवाज ते बराच वेळ सावरून धरतो. शेवटी मात्र नैतिक मोठेपण त्या गृहस्थाच्या पदरात पडते.

महाविद्यालयांतून हा चित्रपट दाखवणाऱ्यांसाठी थोडे तांत्रिक. दिग्दर्शक व्ही. शांतारामांनी यात पार्श्वसंगीत टाळले आहे. त्यामुळे घड्याळाची टिकटिक हेच इथले संगीत. आवाज ‘स्वच्छ’ केलेल्या प्रतीत सॉफ्टवेअर संवादांमधल्या जागेत ठरावीक पातळीखालचे सगळेच कापते. खरखर जाते, तशी टिकटिकही जाते, आणि उरतो तो मेलेला सन्नाटा. थोडी खरखर असलेली प्रतच घ्यावी. आवाजाची पातळी संवादांवर नव्हे, टिकटिकीवर लावावी: खोलीतले पंखे चालू ठेवून ती शेवटच्या बाकावर ऐकू आली पाहिजे. चौकट जवळजवळ ४:३ची आहे. पडदा भरावा म्हणून ती १६:९ मध्ये ताणली की माणसे बुटकी आणि रुंद दिसतात. ताणण्याऐवजी कापली, तर सुमारे पाव उंची जाते आणि भिंतीवरच्या वस्तू माणसांच्या डोक्यांसकट छाटल्या जातात. प्रोजेक्टर ४:३वर ठेवून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. टीव्हीवर दाखवत असाल, तर हालचाल गुळगुळीत करणारी सोय आधी बंद करावी. ती चालू राहिली, की कृष्णधवल चित्रपटसुद्धा मालिकेसारखा दिसू लागतो.

चित्रपट अडीच तासांहून मोठा आहे. चर्चा त्याच दिवशी उरकण्याच्या घाईत शेवटची वीस मिनिटे वगळण्याचा मोह होतो. वगळायचेच असेल, तर चर्चा वगळावी आणि वर दिलेली साले अर्ध्या पानावर छापून खेळाआधी वाटावीत.

— एक वाचक, पुणे